वादग्रस्त खुर्ची

मिनेसोटातल्या आमच्या शाळेत मी अमेरिकेचा इतिहास शिकवतो आणि शुक्रवारी जगातल्या चालू घडामोडी. परवा मुलं एकेक देश होऊन हीटरजवळच्या एकुलत्या उबदार खुर्चीवरून भांडत होती. तेवढ्यात माझी नोकरी कायम करायची का, ते ठरवायला मुख्याध्यापिका आल्या आणि थेट त्याच खुर्चीत बसल्या. “मॅडम, हा वादग्रस्त प्रदेश आहे,” बोलिव्हिया झालेली ब्रिन म्हणाली. “मग मी कुठं बसू?” “स्वित्झर्लंडच्या बाकावर. त्याला आज सर्दी झालीय.” मॅडम निमूट उठल्या. माझी नोकरीही उठली, असं वाटलं. पण तासभर त्या बोलिव्हिया आणि नॉर्वेची गाऱ्हाणी मान डोलावत ऐकत राहिल्या. घंटा झाल्यावर म्हणाल्या, “पुढच्या वर्षी सरांना चांगला तापणारा वर्ग देऊ.” माझ्या जिवात जीव आला. नॉर्वेनं हात वर केला. “नको, मॅडम. मग सर शिकवणार काय?”