आतली कडी

"दाराला आतून कडीच नाही," वेल्डर म्हणाला.

कामगारांच्या नव्या वसाहतीतली नमुन्याची खोली तयार होती. मालक दहा मिनिटांत येणार होते. त्यांनी पसंत केली की उद्यापासून अशाच साठ.

"नकाशातच नाही," आर्किटेक्टबाई म्हणाल्या. "खोल्या तपासाव्या लागतात. बाहेरून आहे ना कडी?"

"बाहेरची तुमच्या कामाची. आतली आमच्या."

मॅनेजर हसला. "का रे, सोनं पुरणार आहेस आत?"

"बायको असते आत."

"मग? तुझी बायको कोण पळवतंय!"

जुन्या पत्र्याच्या खोलीत बायको कपडे बदलेपर्यंत वेल्डर रोज दाराला पाठ लावून उभा राहायचा. गेल्या आठवड्यात तो पाणी आणायला गेला आणि तेवढ्यात हाच मॅनेजर तपासणी म्हणून आत शिरला.

खिशातून त्याने कडी काढली. उरलेल्या सळईची, घासून गुळगुळीत केलेली. "वेल्डिंगचे दोन टाके मारले की बसेल."

बाईंनी ती हातातही घेतली नाही. "मोठी खिडकी दिली, पंखा दिला. तुम्हा लोकांना कितीही द्या, कमीच," म्हणत त्या दाराला टेकल्या.

दाराचा रंग ओला होता. वेल्डरला ते ठाऊक होतं.

बाई पुढे झाल्या तेव्हा पाठभर निळा रंग.

"गाढवा, सांगायला काय झालं होतं?" मॅनेजर खेकसला.

"विचारलं कुठे कुणी?"

मालकांना आणायला मॅनेजर फाटकाकडे धावला. बाईंनी गाडीतून दुसरा कुडता आणला. न्हाणीघरं अजून बांधायची होती. आडोसा म्हणून ही एकच खोली. त्यांनी खिडकी लावून घेतली, दार लोटलं. आतून दारावर हात चाचपडत फिरल्याचा आवाज आला. मग दार बोटभर उघडलं.

"अहो, जरा दाराशी थांबता का? कुणी येईल."

"तपासणी असते, बाई," वेल्डर म्हणाला. कडी खिशात टाकून तो चार पावलं लांब जाऊन उभा राहिला.

फाटकाकडून मॅनेजर मालकांना घेऊन येतच होता. "या ना साहेब, दार नुसतं ढकलायचं."

दार आतून धाडकन मिटलं. खालच्या फटीतून दोन टाचा दिसत होत्या, जमिनीत रोवलेल्या.