पाचवं मंगलाष्टक

भिवाने माइक आणून थेट रामरावांच्या तोंडापुढे धरला.

"मामा, आता तुम्हीच. परतूरचे गाणारे गुरुजी काही आले न्हाईत."

"मला न्हाई जमायचं," रामराव मागे सरकले. "दोन वर्षं झाली, एक ओळ लिहिली न्हाई."

"भटजींची दोन मंगलाष्टकं झालीत, मामा. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात दुखून राह्यलेत."

वाटुरात लग्न आहे आणि रामरावांचं मंगलाष्टक नाही, असं त्याआधीच्या तीस वर्षांत कधी झालं नव्हतं. काम हौसेचं, पण जोखमीचं. दोन्हीकडच्या सोयऱ्यांची नावं ओवायची, आणि त्यात एखादा साडू राहून गेला, की तो न जेवताच उठायचा. म्हणून शब्द रामरावांचे असले तरी नावं बायकोची, झुंबरबाईंची. बाईंना अक्षरओळख नव्हती, पण कोण कोणाचा कोण आणि कोणाच्या आधी कोण, हे त्या भाकरी थापता थापता सांगायच्या. रामराव शेजारी पाट टाकून लिहून घ्यायचे.

बाई गेल्या आणि वही बंद झाली. मध्ये दोनदा रामराव लिहायला बसले होते. दोन्ही वेळा कागदावर पहिलं नाव बायकोचंच उतरलं आणि पुढचं दिसेनासं झालं. लेकीबाळींच्या अक्षतांच्या वेळी माइकवर रडणारा म्हातारा कोणाला पाहिजे? त्यापेक्षा नकोच ते, असं म्हणून त्यांनी पेनाला टोपण लावून टाकलं.

अंतरपाटाआडून भिवाच्या लेकीने, शिवकन्येने मान वळवली. बाशिंगाखाली तिचा चेहरा घामाने डबडबला होता.

"आजोबा, म्हणा ना. तुमच्याबिगर लग्न लागल्यागत न्हाई वाटायचं."

भिवाला नाही म्हणता आलं होतं, पोरीला म्हणता येईना. रामरावांनी माइक हातात घेतला. डोळे मिटून त्यांनी सूर लावला, आणि न लिहिलेली ओळ आपोआप तोंडात आली.

"भीवाची शिवकन्यका सजुनिया आली उभी मांडवी..."

तिसरं झालं. चौथ्यात थोरली बहीण मालनबाई, म्हणजे नवरीची आजी, आणि तिचा सगळा गोतावळा आला. मांडवात माना डोलू लागल्या. आपला आवाज अजून जागेवर आहे, याचं रामरावांनाच नवल वाटलं. म्हणता म्हणता पाचवं सुरू झालं. पोरीला कोणी न्हाऊमाखू घातलं, कोणी अंगाखांद्यावर खेळवलं, असं म्हणत ते पुढे गेले आणि जिभेला आवरायच्या आत शब्द बाहेर पडून गेले.

"वाढे झुंबरच्या कुशीत शिवु ही, होती जशी लेक ती..."

कडवं पूर्ण झालं. आता फक्त 'शुभमंगल सावधान' म्हणायचं होतं. तेवढंच त्यांना म्हणता येईना. डोळ्यांतून पाणी ओघळून माइकच्या जाळीवर पडलं. कर्ण्यातून नुसता त्यांचा श्वास ऐकू येऊ लागला.

हळदीत रंगवलेली ज्वारी मुठीत धरून पाच-सहाशे माणसं तशीच उभी राहिली. सावधान म्हटल्याशिवाय अक्षता टाकायच्या कशा? नवरदेवाकडची मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. बँडवाल्याला वाटलं, लागलं लग्न. त्याने ढोलावर एक टोला हाणलासुद्धा, पण शेजारच्याने त्याचा हात धरला. जे होऊ नये म्हणून आपण दोन वर्षं तोंड शिवून बसलो, ते नेमकं पोरीच्या मांडवात झालं. रामरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. माइक भिवाकडे देऊन मुकाट्याने निघून जावं, असं वाटलं.

"सावधान!"

आवाज चिरका होता आणि बायकांमधून आला होता. मालनबाई गुडघ्यावर हात टेकून उभी राहिली होती. तिने मूठभर अक्षता उचलल्या आणि नवरा-नवरी राहिले बाजूला, थेट भावाच्या अंगावर फेकल्या.

मग सगळा मांडवच मोकळा झाला. चहूकडून ज्वारी उडाली. बायकांनी टाकली, सोयऱ्यांनी टाकली, नवरदेवाच्या बापानेही दोन्ही हातांनी टाकली. रामरावांच्या टोपीवर, खांद्यावर, कानात दाणे बसले. अंतरपाटाआड शिवकन्या डोळे पुसत हसत होती. झुंबरबाईंचं नाव भर मांडवात, पाच-सहाशे माणसांत घेतलं गेलं होतं आणि काहीही बिघडलं नव्हतं. रामरावांनी दोन वर्षांत पहिल्यांदाच छाती भरून श्वास घेतला.

"थांबला कशाला रे रामा?" मालनबाई खेकसली. "तिचं झालं बराबर. आता नवरदेवाच्या मामाचं घे. जल्दी घे, पोरगी ताटकळली."

रामरावांनी उपरण्याने तोंड पुसलं आणि सवयीने बाजूला पाहिलं. मग मान वर करून त्यांनी माइकवरूनच सगळ्या मांडवाला विचारलं,

"मामाचं नाव काय हो?"