दोन सूत जागा

डब्लिनमध्ये आमच्या ड्राइव्हवेवर उभा असलेला जुना कॅम्पिंग ट्रेलर गळायचा, आतलं सगळं पॅनेलिंग कुजलं होतं. इथल्या व्हिसाचं नूतनीकरण अडकल्यामुळे मला नागपूरला जाता येत नाही, म्हणून रोज बाबांना व्हिडिओ कॉल करून, विचारत विचारत मी एकेक पॅनल बदललं. चाळीस वर्षं सुतारकाम केलेले बाबा आता मला ओळखत नाहीत, पण प्लायवूड दाखवलं की बोलू लागतात.

"कडेला दोन सूत जागा सोडा साहेब, लाकूड फुगतं."

काल शेवटचं पॅनल बसलं. बाबांनी स्क्रीनवर हात जोडले. "झालं तुमचं काम, साहेब. आता फोन करायची गरज नाही."



आज सकाळी मी एक चांगलं पॅनल उचकटलं आणि त्यांना कॉल लावला.