कपाळावरचा सेन्सर

कनेक्शन चौथ्यांदाही उघडता उघडताच बंद पडलं. पाळण्याशेजारी बसवलेलं भाड्याचं यंत्रशरीर मान टाकून तसंच राहिलं. चंद्रावरच्या खाणीतून अच्युतची बहीण वैजू त्यात उतरली, तरच बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या मिळणार होती. आणि संपर्काची सहाच मिनिटं उरली होती.

अच्युतने केबल, पासवर्ड, सगळं पुन्हा तपासलं. मग त्याची नजर यंत्राच्या कपाळावर गेली. लेक येणार म्हणून आईने नेमकं सेन्सरवरच कुंकू लावलं होतं.

"पुसू नकोस रे, सवाष्ण आहे ती!" आई कळवळली.

त्याने रुमालाने पुसलंच. यंत्राने डोळे उघडले. पाळण्याकडे वळण्याआधी ते अच्युतच्या कुंकवाने लाल झालेल्या रुमालावर खिळले.

"दादा, माझं कुंकू पुसलंस?" वैजूने विचारलं. "हे सकाळपासून बोगद्यातून वर आलेले नाहीत रे."