एकाच हाताला सरावलेली गाडी

"चोक अर्धा ओढायचा. अर्धाच! मग ती तीनदा शिंकते. तिसऱ्या शिंकेला पायाने ॲक्सिलरेटर दाबायचा," वेल्को गाडीच्या खिडकीत वाकून सांगत होता. गावचे पाद्री, फादर येफ्तिमी, झग्याचा घोळ मांड्यांखाली कोंबून चोक ओढत होते.

गाडी एकदाच शिंकली आणि गप्प झाली.

वेल्कोला मनातून बरंच वाटलं. एकतीस वर्षं त्याने ही पिवळट गाडी सांभाळली होती. ही फक्त माझ्या हाताला सरावलीय, असं तो गावभर सांगायचा. बायकोने, पेन्काने, एकदा "मलाही शिकवा की" म्हटलं, तेव्हा हसता हसता त्याला ठसका लागला होता. पेन्काने पुन्हा तो विषय काढला नाही.

आता अंगणात अक्रोडाखाली नवी निळी गाडी उभी होती. सगळं पाण्यासारखं सुरळीत जावं म्हणून पेन्काने सकाळीच तिच्यापुढे तांब्याभर पाणी ओतलं होतं. आरशाला लाल दोऱ्याने फुलांची जुडीही बांधली होती. नव्या गाडीला क्लच नव्हता. तीन दिवस झाले तरी वेल्कोचा डावा पाय तो शोधत होता, पण हे त्याने कुणाला कळू दिलं नव्हतं. जुनी गाडी फादरना द्यायची ठरली होती. डोंगरातल्या वाड्यांवर ते अजून पायी जायचे.

"पुन्हा एकदा. जरा प्रेमाने."

"वेल्को, देवापुढेसुद्धा मी एवढी आर्जवं करत नाही."

शेवटी वेल्को स्वतः आत बसला. चोक, शिंक, पाय. काही नाही. पुन्हा तेच. त्याचे डोळे भरून आले. "रुसलीय हो. तिला जायचंच नाहीये. राहू दे तिला इथेच."

फादरनी घराकडे तोंड करून हाक मारली, "पेन्काताई, जरा येता का?"

"तिला कशाला? हा काय स्वयंपाक आहे?"

पेन्का पिठाचे हात एप्रनला पुसत आली. वेल्कोला तिने कोपराने बाजूला सरकवलं. चोक पूर्ण ओढला, डॅशबोर्डवर एक बुक्की हाणली. ना शिंक, ना खोकला. गाडी गुणगुणायला लागली. मग पेन्काने ती मागे घेत फाटकातून अलगद बाहेर काढली. त्या फाटकाच्या खांबाला वेल्को ती दरवर्षी एकदा तरी घासायचा.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"झाली एकोणीस वर्षं. तुम्ही दुपारी आडवे झालात की."

"आणि परवाना?"

"पिठाच्या डब्यात. तुम्ही कधी उघडलात तो?"

वेल्को फादरकडे वळला. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं!"

"कबुलीजबाबातलं बाहेर बोलता येत नाही," फादर दाढी कुरवाळत म्हणाले. "दर ईस्टरला ऐकतो मात्र न चुकता."

वेल्को पायरीवर बसला. रागवावं असं त्याला वाटत होतं, पण जमेना. कित्येकदा संध्याकाळी बॉनेट गरम लागायचं, आणि यंदा ऊन फार आहे म्हणून तो घाम पुसायचा.

"जायचीस तरी कुठे?"

"बहिणीकडे. बाजारात. एकदा समुद्रावर."

फादर चालू गाडीत पेन्काच्या जागी बसले आणि हॉर्न वाजवत उतारावरून निघाले. पिवळा ठिपका वळणाआड जाईपर्यंत वेल्को बघत राहिला. मग उठला, नव्या गाडीची किल्ली पेन्काच्या हातात ठेवली, पलीकडून जाऊन शेजारच्या सीटवर बसला आणि पट्टा लावला.

"काय गं," त्याने विचारलं, "समुद्राचं पाणी गार असतं का?"

"पहिल्यांदा वाटतं," पेन्का आरसा नीट करत म्हणाली, "मग सवय होते."