उलटी मोजणी

"तीन, दोन, एक, शून्य." भिंतीवरचा लाल आकडा गेला आणि सरफराजने मंगलीच्या नावापुढे सातवा भोपळा मांडला.

प्रश्न सोपा होता, लिटमस कागदाचा. मंगली पहिल्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसली होती, भिंतीकडे एकटक पाहत. ती घाबरलेली दिसत नव्हती. सरफराजला तेच उलगडत नव्हतं. लेखी परीक्षेत तिच्या पुढे कोणी जात नसे.

चंद्रपूरच्या एका संस्थेच्या वसतिगृहात दहावीनंतर दोन वर्षं फुकट राहून शिकता येत होतं. प्रत्येक शाळेने एकच नाव पाठवायचं. परीक्षा तोंडी, एका प्रश्नाला तीस सेकंद, मग घंटी. मागच्या साली मुलचेऱ्याजवळच्या या शाळेचा पोरगा घंटीलाच दचकला आणि हात हलवत परत आला. म्हणून २००६ च्या त्या जानेवारीत सरफराजने प्रश्नांच्या स्लाइडवर घड्याळ बसवलं. संगणकात तयार घड्याळ नव्हतं. त्याने एकावर एक तीस आकडे रचले आणि दर सेकंदाला एक पुढे येईल असं लावलं. मागच्या बाकांवरून आकडे दिसेनात, तेव्हा माइक तोंडाशी धरून त्याने स्वतःच्या आवाजात तीसपासून शून्यापर्यंत मोजलं आणि तो आवाज प्रत्येक स्लाइडला जोडला. शून्य झालं की पुढचा प्रश्न आपोआप यायचा.

प्रोजेक्टर तालुक्याहून एका दिवसासाठी मागून आणलेला. अकराला लाइट जाणार होती. थांबायला वेळ नव्हता.

आठवा प्रश्न आला. त्याचा आवाज मोजू लागला. मंगली गप्प.

"सर, तिले घड्याळ नोको, क्यालेंडर लावून द्या," रोशन मागून म्हणाला. वर्ग हसला. रोशन वाईट पोरगा नव्हता, चटपटीत होता. त्याच्या दहा प्रश्नांपैकी आठ बरोबर आले होते आणि पाच तर त्याने आकडा विसावर यायच्या आतच सांगून टाकले होते.

मंगलीचे दहाही गेले.

मुख्याध्यापक गुणवंतराव दारात उभे राहून पाहत होते. कागदावर हुशार असून काय करता, तिथी तोंड उघडा लागते, असं म्हणून ते ऑफिसात गेले. सरफराजने मंगलीला जवळ बोलावलं. उत्तरं येत होती का, विचारलं. तिने होकारार्थी मान हलवली. लिटमसचं सांग म्हटल्यावर तिने सांगितलं, बरोबर. मग तेव्हा काऊन बोलली नाई, यावर ती खाली पाहत राहिली. शिक्षकाला उलट काही सांगायचं, तेही भर वर्गात, तिला जमणार नव्हतं. सरफराजने त्या गप्प राहण्याला भीती असं नाव दिलं आणि विषय संपवला.

या शाळेत दहावीच्या पुढे वर्ग नव्हते. रोशनच्या बापाचं मुलचेऱ्यात दुकान होतं, मामा नागभीडला होता. तो कुठेही शिकला असता. मंगलीचा बाप दसरू एवढंच म्हणाला होता, चंद्रपूर झालं तं झालं, नाई तं घरीच येजो. सरफराजला हे ठाऊक होतं. तरी त्याने रोशनचं नाव लिहिलं. आकड्यांपुढे त्याचं काही चालत नव्हतं. गुणवंतरावांनी सही केली, पाकीट बंद झालं.

पाकीट एकच्या बसने जायचं होतं. ड्रायव्हर ओळखीचा होता. बस फाट्यावर दिसली की लगेच येऊन सांग, असं बजावून सरफराजने फाटकाशी मंगलीलाच उभं केलं. तिलाही वाईट वाटून घ्यायला वेळ नको, असा त्याचा हिशेब. स्वतः तो वाचनालयाच्या नव्या पुस्तकांचे गठ्ठे सोडून बसला. पोच पाठवायच्या आधी पुस्तकं मोजायची होती. तो मोठ्याने मोजत होता.

एकशे बाराला दारात सावली पडली. त्याने वर पाहिलं नाही. एकशे चाळीसला लांबून हॉर्न ऐकू आला, थोड्या वेळाने पुन्हा एकदा. दोनशे चौदाला पुस्तकं संपली. त्याने आकडा लिहिला आणि मान वर केली. मंगली उभी होती.

"बस आली, सर."

"कवा?"

"गेली बी."

सरफराज ताडकन उठला. फाट्यावर नुसती धूळ होती. पुढची बस चारला. तो परत आला तेव्हा त्याचा आवाज चढला होता. "इथी उभी होती ना तू? मंग सांगितलं काऊन नाई?"

मंगली गोंधळली. एवढी साधी गोष्ट सरांना सांगावी लागेल, असं तिला वाटलं नसावं.

"तुमी मोजून राह्यले होते ना जी," ती म्हणाली. "मोजनी चालू असली का कोनी बोलत नाई. तेंदूपत्ता इकाले नेला का फळीवर मुंशी पानाचे पुडके मोजते, तं मायच्या कडेवरचं लेकरूबी चूप राह्यते. मधी कोनी बोललं का मोजनी तुटते."

सरफराज खुर्चीत बसला. पाकीट हातात घेतलं. डिंक अजून पुरता वाळला नव्हता. नखाने कड उचकटताना त्याने हळूच विचारलं, "आन् सकाळी? भिंतीवर?"

"तिथीबी तुमीच मोजत होते, सर. सरलं का सांगीन म्हनत होती मी. पन शून्य झालं का तुमी थांबतच नोयते."