कुंड्यांतलं तळं

चर्चमध्ये फादर म्हणाले, "शेजाऱ्यांच्या उपयोगी पडा, पण गाजावाजा करू नका." त्याच आठवड्यात एकट्या राहणाऱ्या शिवणवाल्या मावशी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात गेल्या.

परत येऊन बघतात तर दाराबाहेरच्या कुंड्यांत तळं साचलेलं आणि रोपं पार कुजलेली!

"अगं बाई, एवढं पाणी घातलं कुणी?"

शेजारची दारं हळूच उघडली.

"मी... रोज पहाटे, कुणी बघत नसताना," वकीलसाहेब पुटपुटले.

"अहो, मग मी दुपारी कशाला घालत होते!" त्यांची बायको म्हणाली.

"मी कामावरून आल्यावर," समोरचा इलेक्ट्रिशियन मान खाली घालून म्हणाला.

मावशी हसता हसता डोळे पुसायला लागल्या.


"आणि मी मेली तिकडे नर्सला सांगत होते, मला मागेपुढे कुणी नाही म्हणून!"